‘रोगाचे जनुक’ : एका सोयीच्या शब्दप्रयोगाची तपासणी

बुरशींवरील संशोधनपत्रिका चाळताना एकाच साच्यातली शीर्षके वारंवार भेटतात. ‘अमक्या बुरशीतील तमके संदेशवाहक जनुक तिची वाढ, ताण सोसण्याची क्षमता आणि रोगकारकता यांचे नियमन करते.’ बुरशीचे नाव बदलते, जनुकाचे नाव बदलते. वाढ, ताण आणि रोग ही त्रयी मात्र कायम असते. वर्तमानपत्रापर्यंत पोहोचेतो या लांबलचक वाक्यातला पहिला भाग गळून पडतो आणि ‘रोग घडवणारे जनुक सापडले’ एवढेच उरते. मुले वर्गात घेऊन येतात ती हेच वाक्य.

या लेखात आम्ही त्या साच्याची तपासणी करणार आहोत. संशोधन खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट त्यातले काही प्रयोग विज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाने फळ्यावर मांडावेत इतके चोख आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्या प्रयोगांतून घाईने काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. एखादे जनुक काढून टाकल्यावर रोग होत नाही, म्हणून ते जनुक ‘रोगाचे’, हा तर्क वाटतो तितका सरळ नाही. तो कुठे टिकतो आणि कुठे घसरतो हे पाहण्यासाठी आपण एकच बुरशी नीट बघू: भातावर करपा आणणारी मॅग्नापोर्थे.

भाताच्या पानावर काय घडते?

कोकणातल्या आणि पूर्व विदर्भातल्या भात पिकवणाऱ्यांना करपा नवा नाही. पानावर होडीच्या आकाराचे ठिपके पडतात. मध्य राखाडी, कडा तपकिरी. लोंबीच्या मानेवर रोग आला तर दाणाच भरत नाही. येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे ‘करपा’ हा शब्द अनेक रोगांना लावतात. भाताचा ‘कडा करपा’ जिवाणूंमुळे होतो, तर कांद्याचा आणि टोमॅटोचा करपा वेगळ्याच बुरशींमुळे. पुढे जे लिहिले आहे ते फक्त मॅग्नापोर्थेमुळे भातावर येणाऱ्या करप्याबद्दल आहे.

या बुरशीचा बीजाणू तीन पेशींचा, नासपतीच्या आकाराचा असतो. तो पानावर पडला की टोकाकडच्या डिंकाने चिकटतो आणि दवाच्या ओलाव्यात त्याला एक बारीक नळी फुटते. पृष्ठभाग कठीण आहे, पाणी झटकून टाकणारा आहे आणि तेथे आयते अन्न नाही, असे ‘कळले’ की नळीचे टोक फुगून घुमटासारखी पेशी तयार होते. शास्त्रीय पुस्तकांत तिला अ‍ॅप्रेसोरियम म्हणतात. आपण तिला घुमटपेशी म्हणू. तिच्या भिंतीला आतून मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर बसतो. आत ग्लिसरॉल साठू लागते, त्यामुळे बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि दाब वाढत जातो. शेवटी घुमटाच्या तळातून एक अणकुचीदार खुंटी निघते आणि पानाच्या सालीत घुसते.

हा दाब किती? रिचर्ड हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली तो मोजला, तेव्हा आकडा आला ८ मेगापास्कल, म्हणजे सुमारे ८० वातावरण. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ चाळीस पट! ही बुरशी जड प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यातही घुसते, हे त्याच संशोधकांनी दाखवले. प्लॅस्टिक पचवणारे विकर तिच्याकडे नाही. म्हणजे ते काम निव्वळ जोराचे. हा दाब ग्लिसरॉलमुळे येतो हे १९९७ साली स्पष्ट झाले.

आता प्रश्न असा, की ‘पान आले, घुमट बांधा’ हा निरोप पेशीच्या आत पोहोचवतो कोण?

घंटा आणि तास

पेशीच्या पृष्ठभागावर जाणवलेली गोष्ट केंद्रकापर्यंत नेण्यासाठी प्रथिनांच्या साखळ्या असतात. त्यांतली एक प्रसिद्ध साखळी तीन पायऱ्यांची आहे. पहिले प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवते, त्यामुळे दुसरे जागे होते. ते तिसऱ्यावर फॉस्फेट चिकटवते. आणि तिसरे जाऊन अनेक जनुकांचे काम सुरू किंवा बंद करवते. असे फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात, आणि ती बनवण्याची माहिती ज्यांत असते त्या जनुकांना आपण येथे संदेशवाहक जनुके म्हणतो आहोत.

या प्रथिनाची तुलना शाळेच्या घंटेशी करून पाहा. घंटा गणित शिकवत नाही, खिचडी वाढत नाही, मुलांना घरीही नेत नाही. पण ती वाजली नाही तर तास बदलत नाही, मधली सुट्टी होत नाही आणि शाळा सुटत नाही. घंटा काढून घेतल्यावर शाळेचा गोंधळ उडाला, म्हणून ‘घंटा हेच शिक्षणाचे कारण’ असे कोणी लिहिले तर आपण हसू. जनुकाच्या बाबतीत मात्र आपण तसेच वाक्य गंभीरपणे वाचतो.

उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. शाळेत घंटा एकच असते. बुरशीच्या पेशीत अशा अनेक साखळ्या एकाच वेळी चालू असतात आणि त्या एकमेकींत गुंततात. पण निरोप देणारा आणि काम करणारा हे वेगळे, एवढे समजायला ती पुरेशी आहे.

तीन जनुके, तीन निकाल

पहिला प्रयोग १९९६ सालचा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जिन-राँग शू आणि जॉन हॅमर यांनी मॅग्नापोर्थेतील पीएमके-१ हे कायनेजचे जनुक निकामी केले. अशी बुरशी काचेच्या बशीत नेहमीसारखी वाढली आणि तिला बीजाणूही आले. पण तिला घुमटपेशी करता आली नाही. संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. घुमट नसल्याने ती पानात शिरत नसेल, म्हणून त्यांनी पानाला जखम करून वाट मोकळी करून दिली. तरीही ती भातात वाढली नाही. म्हणजे या जनुकाचे काम दार फोडण्यापुरते नाही, आत गेल्यावरही आहे. बशीत धडधाकट, पण झाडावर निष्प्रभ, अशी ही बुरशी होती. म्हणून येथे ‘रोगासाठी आवश्यक’ हे म्हणणे पटते.

पण त्याच शोधनिबंधातली दुसरी गोष्ट बातम्यांत येत नाही. हेच जनुक त्यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये घातले. ज्या यीस्टमधली तशीच दोन जनुके निकामी केल्याने तिचा लैंगिक संयोग बंद पडला होता, तिचा संयोग या परक्या जनुकाने पुन्हा सुरू झाला! यीस्टमध्ये ज्या साखळीचे काम जोडीदाराचा निरोप पोहोचवणे, तीच साखळी मॅग्नापोर्थेत पानाचा निरोप पोहोचवते. घंटा तीच, शाळा वेगळी. मग पीएमके-१ ला ‘रोगाचे जनुक’ म्हणायचे की ‘संयोगाचे’? दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण प्रश्नच चुकीचा आहे.

दुसरा प्रयोग १९९८ सालचा, याच गटाचा. जनुक होते एमपीएस-१. ते निकामी केल्यावर घुमटपेशी तयार झाल्या, पण पान भेदू शकल्या नाहीत. रोग शून्य. मात्र या बुरशीला बीजाणू कमी येत होते, आणि पेशीभित्तिका विरघळवणाऱ्या विकरांपुढे ती लवकर हार मानत होती. म्हणजे भिंत सांभाळण्याच्या कामातच बिघाड होता. ८० वातावरण दाब पेलायची आणि तळातून खुंटी काढायची तर घुमटाची भिंत योग्य वेळी योग्य जागी नव्याने घडवावी लागते. येथे वाढ, ताण आणि रोग हे तीन वेगळे परिणाम नसून एकाच बिघाडाची तीन रूपे असण्याचा संभव मोठा आहे. शीर्षकातला स्वल्पविराम ही गोष्ट लपवतो.

तिसरा प्रयोग आमच्या मते या साऱ्यांत सर्वांत बोधप्रद आहे. यीस्टमध्ये मिठाच्या पाण्याचा ताण आला की हॉग-१ नावाच्या कायनेजची साखळी जागी होते आणि पेशीत ग्लिसरॉल साठते; हे १९९३ साली कळले होते. मॅग्नापोर्थेची घुमटपेशीही ग्लिसरॉल साठवूनच दाब आणते. मग कोणीही अंदाज करील की घुमटातला दाबही याच साखळीच्या हाती असणार. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात निक टॅलबट यांच्या गटाने मॅग्नापोर्थेतील हे जुळे जनुक, ओएसएम-१, निकामी केले आणि १९९९ साली निकाल छापला. बशीत मीठ वाढवल्यावर ही बुरशी ताण सोसू शकली नाही, हे अपेक्षेप्रमाणे झाले. पण तिने घुमट बांधले, त्यांत दाब आणला आणि भातावर रोगही पूर्वीसारखाच आणला. मिठाच्या ताणात या बुरशीचे तंतू मुख्यतः अरॅबिटॉल हा वेगळाच पदार्थ साठवतात, असेही दिसले.

सुंदर वाटणारा अंदाज एका प्रयोगाने मोडला. ताण सोसणे आणि रोग आणणे यांची सांगड आपोआप घालता येत नाही, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण विरळा. वर्गात नेहमी ‘यशस्वी’ प्रयोगच सांगितले जातात. हा ‘फसलेल्या अंदाजाचा’ प्रयोग अवश्य सांगावा.

तेच जनुक, दुसरी बुरशी

योगायोग असा की १९९९ सालीच हॉग-१ वर दुसरा एक निबंध आला, तो कॅन्डिडा अल्बिकन्सवर. ही यीस्ट माणसाच्या तोंडात आणि आतड्यात एरवी निमूटपणे राहते, पण प्रतिकारशक्ती खचली की रक्तात शिरून जीव घेऊ शकते. तिच्यातले हॉग-१ निकामी केल्यावर तिला मिठाचा ताण सोसवेना, आणि तिची लागण झालेले उंदीर बरेच जास्त दिवस जगले. पुढे २००७ साली बॉट्रायटिस या फळांवर राखाडी बुरा आणणाऱ्या बुरशीत याच जनुकाचे भावंड निकामी केले, तेव्हा तिला बीजाणूही येईनात आणि अखंड पानात शिरताही येईना.

तीन बुरशी, एकाच घराण्यातले जनुक, आणि रोगाच्या बाबतीत निकाल निरनिराळे. तेव्हा ‘हॉग-१ हे रोगकारकतेचे जनुक आहे’ हे विधान बुरशीचे नाव घेतल्याशिवाय निरर्थक ठरते. साच्यातली शीर्षके बुरशीचे नाव घेतात, हे मान्य. पण निबंधांच्या शेवटी ‘हे जनुक बुरशींमध्ये सर्वत्र आढळते, सबब ते औषधासाठी चांगले लक्ष्य आहे’ असे वाक्य हटकून येते, आणि तेथे नाव सोडून दिले जाते.

आजारी बुरशीचा प्रश्न

आणखी एक उदाहरण घेऊ. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही बुरशी मेंदूच्या आवरणाला सूज आणते. एड्सच्या रुग्णांना तिचा विशेष धोका असतो. १९९७ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तिच्यातले कॅल्सिन्यूरिन हे प्रथिन घडवणारे जनुक निकामी केले गेले. कॅल्सिन्यूरिन कॅल्शियमचा निरोप ऐकून इतर प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकते. ते नसलेली बुरशी २४ अंश सेल्सियसला जगली, पण ३७ अंशांना जगू शकली नाही, आणि तिने प्राण्यांत रोग आणला नाही.

निबंधाचे शीर्षक सांगते की रोगकारकतेसाठी कॅल्सिन्यूरिन लागते. हे खरेच आहे. पण माणसाच्या अंगाचे तापमानच ३७ अंश! ज्या बुरशीला त्या उबेत जगताच येत नाही ती रोग कुठून आणणार? हे ‘रोगाचे’ जनुक की ‘उष्णता सोसण्याचे’? आमच्या मते दुसरे नाव अधिक प्रामाणिक आहे. मात्र त्यामुळे शोधाचे मोल कमी होत नाही. माणसाच्या अंगात जगता येणे हीच अनेक बुरशींना न जमणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच बहुसंख्य बुरशी आपल्याला काही करू शकत नाहीत.

या जनुकाची दुसरी अडचणही शिकवण्यासारखी आहे. कॅल्सिन्यूरिन बंद पाडणारे औषध नव्याने शोधायची गरज नाही. सायक्लोस्पोरिन आधीच उपलब्ध आहे. पण ते देतात मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना, त्यांची प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी. कारण कॅल्सिन्यूरिन आपल्याही पांढऱ्या पेशींत आहे. बुरशी आणि प्राणी उत्क्रांतीच्या वृक्षावर एकमेकांचे बरेच जवळचे नातेवाईक. ‘सर्वत्र आढळणारे जनुक’ म्हणजे अनेकदा आपल्यातही आढळणारे जनुक!

साच्याचे गुण-दोष

टीका करताना तोल सुटू नये म्हणून आधी गुण सांगतो. जनुक निकामी करून पाहण्याच्या पद्धतीने बुरशींच्या अभ्यासात एक शिस्त आणली. रॉबर्ट कॉख यांनी ‘हाच जंतू हाच रोग’ हे सिद्ध करण्यासाठी अटी घातल्या होत्या. त्याच धर्तीवर स्टॅनली फॉल्को यांनी १९८८ साली जनुकांसाठी अटी मांडल्या: रोग आणणाऱ्या वाणांत तो गुण दिसला पाहिजे, जनुक निकामी केल्यावर रोगकारकता घटली पाहिजे, आणि ते परत दिल्यावर ती परत आली पाहिजे. अटी जिवाणूंसाठी होत्या, पण बुरशींनाही लागू पडल्या. यातली तिसरी अट शिक्षकांनी विशेष ठसवावी. फ्यूज काढल्यावर दिवा गेला एवढ्याने भागत नाही. बसवल्यावर दिवा लागतो का, तेही पाहावे लागते. नाहीतर त्याच क्षणी वीज गेली असण्याचा संभव राहतो.

आता दोष. पहिला, आजारी बुरशी आणि निरुपद्रवी बुरशी यांतला फरक शीर्षकात उमटत नाही. दुसरा, एका बुरशीचा निकाल सगळ्यांना लावला जातो. तिसरा, ‘नियमन करते’ हे क्रियापद फार ढिले आहे. घंटा वाजवणे आणि तास घेणे दोन्ही त्यात बसतात. चौथा दोष पद्धतीतच आहे: जनुक जन्मापासून निकामी केले की त्याचे पुढचे काम दिसतच नाही. घुमटच न बांधणारी बुरशी पानाच्या आत कशी वागली असती, हे कसे कळणार? जखमेतून लागण करून अंदाज येतो, पण नेमके काय अडते ते दिसत नाही.

या चौथ्या दोषावर मात करणारे काम २०१८ साली टॅलबट यांच्याच गटाने केले. त्यांनी पीएमके-१ निकामी केले नाही. त्यात असा बारीक बदल केला की एक ठरावीक रसायन दिले तरच ते प्रथिन बंद पडावे. मग बुरशीला पानात शिरू दिले आणि त्यानंतर रसायन दिले. बुरशी पहिल्याच पेशीत कोंडली गेली. शेजारच्या पेशीत जाण्यासाठी ज्या सूक्ष्म वाटा ती वापरते त्यांतून तिला जाता आले नाही. १९९६ च्या जखमेच्या प्रयोगाने उभा केलेला प्रश्न बावीस वर्षांनी असा सुटला. चांगला प्रयोग उत्तराबरोबर पुढचा प्रश्नही देतो, तो असा.

यात शेतकऱ्याचे काय?

शब्दांची ही चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर बुरशीनाशकांत आहे. ट्रायसायक्लाझोल हे भाताच्या करप्यावर फार वापरले गेलेले औषध घुमटपेशीतले मेलॅनिन बनू देत नाही. मेलॅनिन नसेल तर ग्लिसरॉल भिंतीतून झिरपते आणि दाब टिकत नाही. पण बशीतल्या बुरशीची वाढ या औषधाने थांबत नाही. ‘बुरशी मेली का?’ एवढेच पाहणाऱ्याने ते निरुपयोगी म्हणून फेकून दिले असते. रोग थांबवणे आणि बुरशी मारणे या दोन गोष्टी आहेत, हे ज्याला कळले त्यालाच ते सापडू शकते.

उलट बाजूचे उदाहरण फ्लुडिऑक्सोनिलचे. हे औषध हॉग-१ ची साखळी बंद करत नाही. ताण नसतानाही ती जागी करून चालूच ठेवते. दिवसभर घंटा वाजत राहिली तर शाळा जशी कोलमडेल, तशी बुरशी कोलमडते. न्यूरोस्पोरा या बुरशीत हे जनुक निकामी असेल तर या गटातल्या औषधांचा परिणाम होत नाही, हे २००२ साली दाखवले गेले. येथे जनुक गमावणे बुरशीच्या फायद्याचे! ‘रोगाचे जनुक शोधा आणि बंद करा’ या सोप्या सूत्रात यांपैकी एकही औषध बसत नाही.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या मुलांपुढे ‘अमुक रोगाचे जनुक सापडले’ अशी एखादी बातमी ठेवावी आणि पाच प्रश्न फळ्यावर लिहावेत. जनुक काढल्यावर तो जीव एरवी धडधाकट होता का? जनुक परत दिल्यावर गुण परत आला का? लागण कोणत्या वाटेने केली होती? तेच जनुक दुसऱ्या जिवात काय करते? आणि ते प्रथिन स्वतः काम करते, की कामाचा निरोप देते? बहुतेक बातम्यांत पाचांपैकी एखाद्याच प्रश्नाचे उत्तर असते. उरलेल्यांची उत्तरे नसणे म्हणजे बातमी खोटी असे नव्हे. पण किती माहिती मिळाली आणि किती गृहीत धरली, हे मुलांना आपले आपण मोजता येते. पीएमके-१, एमपीएस-१, ओएसएम-१ आणि कॅल्सिन्यूरिन यांचे वर दिलेले निकाल याच पाच प्रश्नांच्या तक्त्यात मांडायला सांगावे. काही रकाने रिकामे राहतील. ते तसेच ठेवून, ते भरायला कोणता प्रयोग करावा लागेल, हा गृहपाठ द्यावा.